व्यायाम अंगी लागतो तो कसा?

मी शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा आमच्या शाळेत खेळांसाठी निराळे शिक्षक नव्हते. मी मराठी शिकवीत असे. परंतु वयाने लहान आणि अंगाने काटक होतो, म्हणून मैदानाचे कामही माझ्याच वाट्याला आले. १९८८ सालच्या पावसाळ्यात तालुक्याच्या क्रीडास्पर्धांसाठी मी सातवीतील दोन मुले निवडली. एक ओढ्यापलीकडच्या वाडीवरून येणारा, दुसरा गावातल्या पेठेत राहणारा. दोघांचे वय सारखे, उंचीही जवळजवळ सारखी. रोज सकाळी दोघे मैदानावर येत, बरोबरीने धावत आणि मग भिजविलेले हरभरे व गुळाचा खडा एकाच ताटलीतून खात. दर शनिवारी मी घड्याळ लावून त्यांना दीड हजार मीटर धावावयास लावी आणि लागलेला वेळ एका वहीत टिपून ठेवी. सकाळी आल्याबरोबर मनगटाची नाडी मोजून तो आकडाही लिहून घेई. तसे करावे असे एका पुस्तकात वाचले होते. कशासाठी, हे तेव्हा मलाही नीटसे ठाऊक नव्हते.

आठ आठवडे हा क्रम चालला. वाडीवरच्या मुलाला पहिल्या शनिवारी ६ मिनिटे १२ सेकंद लागले होते. शेवटच्या शनिवारी त्याने तेच अंतर ५ मिनिटे ३१ सेकंदांत तोडले. पेठेतल्या मुलाचे पहिले ६ मिनिटे ८ सेकंद होते, ते शेवटी कसेबसे ६ मिनिटे २ सेकंदांवर आले. मला राग आला. सर्व मुलांदेखत मी त्याला म्हणालो, “अरे, तू धावतोस की पाय ओढतोस? रोज येतोस, खातोस, मग तुझ्या अंगी काहीच कसे लागत नाही?”

तो खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, मी याच्याइतकाच पळतो.”

मला ते खरे वाटले नाही. मी त्याला कामचुकार म्हटले. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही.

मुलांनो, त्या मुलाचे म्हणणे खरे असू शकेल काय? दोघांनी सारखाच व्यायाम करावा आणि एकाला त्याचे फळ भरपूर मिळावे, दुसऱ्याला अगदी थोडे, असे निसर्गात घडते काय? जुन्या तालमीतील एखाद्या वस्तादांना हा प्रश्न विचारला असता, तर ते हसले असते. एकाच लाल मातीत घुमणारे, तितकेच जोर आणि तितक्याच बैठका काढणारे, तोच दूध-बदामाचा खुराक घेणारे दोन पठ्ठे. एकाचे दंड वर्षभरात भरतात, दुसरा सडपातळच राहतो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे म्हणून आपले लोक ही गोष्ट सोडून देत. शास्त्रज्ञ मात्र असे सोडून देत नाहीत. फरक आहे तर तो किती आहे आणि कशामुळे आहे, हे ते विचारतात.

त्यासाठी व्यायामाने शरीरात काय घडते, ते आधी पाहिले पाहिजे. आपण धावू लागलो की पायांच्या स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो. तो फुप्फुसांतून रक्तात येतो. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य असते. ते प्राणवायूला धरून ठेवते. हृदय हे रक्त स्नायूंकडे ढकलते आणि स्नायूंच्या पेशी प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातील शक्ती मोकळी करतात. रोज असा ताण पडू लागला की शरीर गप्प बसत नाही. आज जड गेलेले काम उद्या हलके व्हावे म्हणून ते आपली डागडुजी करू लागते. हृदय एका ठोक्यात पूर्वीपेक्षा जास्त रक्त ढकलू लागते, आणि त्यामुळे स्वस्थ बसलो असता नाडीचे ठोके कमी पडतात. रक्त वाढते. स्नायूंत बारीक केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. स्नायूंच्या पेशींमध्ये शक्ती निर्माण करणाऱ्या ज्या सूक्ष्म भट्ट्या असतात, त्यांचीही संख्या वाढते. व्यायाम हा शरीराला विचारलेला प्रश्न आहे असे मानले, तर हे सगळे फेरफार म्हणजे शरीराने त्याला दिलेले उत्तर होय.

हे उत्तर मोजता येते. माणसाला एका जागी बसविलेल्या सायकलवर बसवून, तोंडावर मुखवटा लावून, थकून थांबेपर्यंत पायडल मारावयास सांगतात. अशा वेळी त्याचे शरीर एका मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरते, हे यंत्रावर दिसते. आपण ज्याला ‘दम’ म्हणतो, त्याचे हे माप समजा.

आता उत्तर देणारे कोण? शरीराच्या पेशी. आणि पेशीने केव्हा काय घडवावे, याच्या सूचना तिच्या केंद्रकात डीएनए नावाच्या लांबलचक धाग्यावर लिहिलेल्या असतात. ही लिपी केवळ चार अक्षरांची आहे. पण मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. त्यातील एकेका सूचनेला जनुक म्हणतात. अशी सुमारे २० हजार जनुके आपल्यात आहेत. या मजकुराची एक प्रत आईकडून येते व एक वडिलांकडून. प्रत्येक मुलाला आईवडिलांच्या मजकुराचा निरनिराळा निम्मा भाग मिळतो, म्हणून सख्खी भावंडेही एकमेकांहून वेगळी निपजतात. जगातील कोणत्याही दोन माणसांचा मजकूर बहुतांशी सारखाच असतो. परंतु इतक्या मोठ्या ग्रंथात हजारात एखादे अक्षर बदलले, तरी फरकांची संख्या लाखांत जाते. ‘खाण तशी माती’ ही म्हण रचणाऱ्याला जनुके ठाऊक नव्हती, पण त्याचे लक्ष बारीक होते खरे!

सगळा मजकूर जन्मतः सारखाच असलेली माणसे म्हणजे एकसारखी दिसणारी जुळी भावंडे. कॅनडातील क्विबेक येथे लाव्हाल विद्यापीठातील संशोधकांनी अशा १० जोड्यांना २० आठवडे दमाचा व्यायाम दिला आणि त्याचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध केले. काही जोड्यांचा दम पुष्कळ वाढला, काहींचा फारसा वाढला नाही. मात्र एका जोडीतील दोन भावंडांच्या वाढीत बरेच साम्य होते. एकाला थोडे फळ मिळाले, तर दुसऱ्यालाही थोडेच मिळाले.

दहा जोड्या म्हणजे फार थोडी माणसे. म्हणून क्लोद बुशार या कॅनडातील शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह अमेरिकेत व कॅनडात एक मोठा प्रयोग मांडला. त्याचे नाव ‘हेरिटेज’, म्हणजे वारसा. नियमित व्यायाम न करणारी कुटुंबेच्या कुटुंबे त्यात घेतली. आई, वडील व त्यांची मोठी झालेली मुले. प्रत्येकाने आठवड्यातून तीन दिवस, याप्रमाणे २० आठवडे प्रयोगशाळेतील सायकल चालवावयाची. आरंभी अर्धा तास, आणि हळूहळू वाढवीत शेवटी ५० मिनिटे. कोणी अंगचोरपणा करू नये अशी व्यवस्था होती. सायकल संगणकाला जोडलेली होती आणि स्वाराच्या हृदयाच्या ठोक्यांवरून तिचा जडपणा आपोआप कमीजास्त होई. शिवाय पाहणारा माणूस शेजारी उभा असेच. माझ्या मैदानावर यांपैकी काहीही नव्हते. होते ते एक घड्याळ आणि माझा राग.

या प्रयोगातील ९८ कुटुंबांतल्या ४८१ माणसांचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. सरासरीने पाहता प्रत्येकाची प्राणवायू वापरण्याची शक्ती मिनिटाला सुमारे ४०० मिलीलीटरने वाढली होती. परंतु सरासरी फसवी असते. काही माणसांची वाढ एक लीटरहून अधिक होती, तर काहींची जवळजवळ शून्य! तोच व्यायाम, तितकेच आठवडे, तीच देखरेख. आणि फळात एवढे अंतर. मूळचा दम कमी असलेल्यांनाच जास्त लाभ झाला असेल, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण तसे आढळले नाही. आरंभी कोणाचा दम किती होता, यावरून पुढे तो किती वाढेल हे सांगता येत नव्हते. मात्र कुटुंबांचा विचार केला तेव्हा चित्र स्पष्ट झाले. एका घरातील माणसांच्या फळांत जेवढी तफावत होती, तिच्या सुमारे अडीचपट तफावत निरनिराळ्या घरांमध्ये होती. माणसामाणसांतील या फरकापैकी ४७ टक्क्यांपर्यंतचा भाग आनुवंशिकतेचा असावा, असा हिशेब संशोधकांनी मांडला. एका घरातील माणसांचे खाणेपिणे आणि सवयीही सारख्याच असतात, म्हणून ही मर्यादा वरची समजावयाची.

हा ४७ टक्क्यांचा आकडा पुष्कळ शहाण्या माणसांनाही चकवितो. तुमच्या दमापैकी ४७ भाग आईबापांचे व ५३ भाग तुमचे, असा त्याचा अर्थ नाही. ज्वारीचे शेत डोळ्यांसमोर आणा. एका ताटाकडे बोट दाखवून ‘याची किती उंची बियाण्याची आणि किती पाण्याची?’ असे कोणी विचारले, तर शेतकरी त्याला वेड्यात काढील. बियाण्यावाचून ताट नाही आणि पाण्यावाचूनही नाही. पण शेतातल्या सगळ्या ताटांत जो उंचसखलपणा आहे, तो कितपत बियाण्यामुळे आला व कितपत पाण्यामुळे, हे मात्र काढता येते. ४७ टक्के ते एवढेच.

बहुधा अशा फरकामागे शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात असतो. क्वचित मात्र एकच अक्षर बदलते आणि सारे शरीर निराळे होते. फिनलंड देशाच्या उत्तरेस, जेथे हिवाळ्यात कित्येक महिने बर्फ असतो, त्या पेल्लो नावाच्या भागात १९३७ साली एरो मँत्युरांता याचा जन्म झाला. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याच्या शर्यती तिकडे होतात. त्यांस स्कीइंग म्हणतात. आपल्याकडे मुले जशी पायी शाळेत जातात, तशी तिकडची मुले या पट्ट्यांवरून जात. मोठेपणी एरो सीमेवर पहारेकरी झाला. १९६४ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने १५ किलोमीटरची शर्यत दुसऱ्या स्पर्धकाहून सुमारे ४० सेकंद आधी संपविली. ३० किलोमीटरची शर्यतही त्यानेच जिंकली. १९६०, १९६४ व १९६८ या तीन ऑलिंपिकमध्ये मिळून त्याने सात पदके मिळविली.

त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन फार होते. निरोगी पुरुषाच्या १०० मिलीलीटर रक्तात ते १४ ते १७ ग्रॅम असते. याच्या रक्तात २० ग्रॅमहूनही वर जाई. लोक कुजबुजू लागले की हा रक्तात काहीतरी लबाडी करतो. पुढे आल्बेर्त द ला शापेल या फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी त्याच्या नात्यागोत्यातील ९७ माणसे तपासली. त्यांपैकी २९ जणांचे रक्त असेच दाट निघाले! १९९३ साली कारण प्रसिद्ध झाले. रक्तपेशी वाढवा, असा निरोप मूत्रपिंडाकडून एका संप्रेरकाच्या रूपाने हाडांतील मज्जेकडे जात असतो. मज्जेतील पेशींवर तो निरोप घेणारा एक ग्राहक असतो, आणि त्या ग्राहकाच्या शेपटाशी ‘आता पुरे’ असे सांगणारा लगाम असतो. या घराण्यात ग्राहकाच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले होते. त्या एका अक्षराने वाक्य अर्ध्यावर संपले, शेपूट तयार झाले नाही आणि लगाम सुटला. मज्जा तांबड्या पेशी घडवीतच राहिली. या घराण्यातील लोकांना त्याचा सहसा त्रास झाला नाही, हे विशेष. एरवी रक्त फार दाट होणे धोक्याचे असते.

येथे दोन गोष्टी सांगावयास हव्यात. १९७२ साली एका स्पर्धेच्या तपासणीत मँत्युरांता याने उत्तेजक औषध घेतल्याचे आढळले होते. ती चूक त्याच्या नावावर आहेच. त्याचे दाट रक्त मात्र जन्माचे होते. दुसरी गोष्ट अशी की, तेच अक्षर बदललेले २९ जण होते, पण ते सगळे काही विजेते झाले नाहीत. त्याच्या बहिणीचा मुलगा पेर्त्ती तेउरायार्वी हा १९७६ साली सांघिक शर्यतीत सुवर्णपदक मिळविणाऱ्या चौघांत होता. बाकीच्या बहुतेकांनी आपापली साधी कामे करीत आयुष्य काढले.

स्नायूंचीही अशीच एक कथा आहे. आपल्या स्नायूंत दोन तऱ्हांचे तंतू असतात. काही झटक्याने आकसणारे पण लवकर दमणारे, काही संथ पण चिवट. झटक्याच्या तंतूंना आधार देणारे एक प्रथिन आहे. ऑस्ट्रेलियातील कॅथरिन नॉर्थ यांच्या गटाने १९९९ साली असे दाखविले की, पुष्कळ निरोगी माणसांत ते प्रथिन मुळीच तयार होत नाही. जगातील सुमारे पाचातला एक माणूस तसा आहे. मग २००३ साली याच गटाने ऑस्ट्रेलियातील नामांकित खेळाडूंची तपासणी केली. वेगाने व जोराने खेळावयाच्या खेळांतील खेळाडूंमध्ये हे प्रथिन नसलेली माणसे फारच विरळ होती. लांब पल्ल्याच्या खेळाडूंत ती पुष्कळ होती. म्हणजे ज्यांना आपण उणीव म्हणू, त्यांचेही कोठे अडत नाही. इतकेच काय, थंडी सोसण्याच्या कामी अशी माणसे अधिक टिकाव धरतात, असे पुढील प्रयोगांत दिसले आहे.

एवढे झाले शरीराचे. मनाचे काय? पहाटे उठून धावावे असे एकाला आपणहून वाटते, आणि दुसऱ्याला अंथरुणातून ओढून काढावे लागते. याला आपण आळस म्हणतो व त्या मुलाला दोष देऊन मोकळे होतो. उंदरांवर केलेला एक प्रयोग ऐका. अमेरिकेत थिओडोर गार्लंड यांनी १९९३ साली पिंजऱ्यात फिरते चाक ठेवून उंदीर पाळण्यास आरंभ केला. चाकावर धावण्याची सक्ती कोणालाच नव्हती. प्रत्येक पिढीतील जे उंदीर आपणहून सर्वांत अधिक धावत, त्यांचीच पिले पुढे वाढवावयाची. शेजारी न निवडलेल्या उंदरांचीही वंशावळ राखावयाची. पंधरा-वीस पिढ्या झाल्यावर निवडलेल्या वंशातील उंदीर साध्या उंदरांच्या सुमारे अडीच ते तीन पट धावू लागले. पाय तर दोन्ही वंशांना चार-चारच! फरक मेंदूतही पडला होता. चाक काढून घेतले असता या धावऱ्या उंदरांच्या मेंदूचे काही भाग विशेष खवळलेले दिसले. आनंदाशी व हव्यासाशी संबंध असलेले भाग त्यांत होते. धावणे हीच त्यांची गोडी झाली होती.

माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, आणि करूही नये. पण जुळ्या भावंडांची माहिती गोळा करता येते. सात देशांतील ३७,०५१ जुळ्या जोड्यांची अशी माहिती २००६ साली प्रसिद्ध झाली. फावल्या वेळात आपणहून व्यायाम करण्याची सवय एकसारख्या जुळ्यांत इतर जुळ्यांपेक्षा अधिक मिळतीजुळती होती. बहुतेक देशांत माणसामाणसांतील या फरकाचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग आनुवंशिकतेकडे जात होता. ही सारी माणसे १९ ते ४० वर्षांची होती, हे ध्यानात असू द्या. तुमच्या वयाच्या मुलांच्या बाबतीत घर, शाळा, मित्र आणि जवळ मैदान आहे की नाही, यांचे वजन पुष्कळच पडते.

इतके वाचून तुमच्यापैकी एखादा म्हणेल, “मग माझ्या अंगी व्यायाम लागणारच नसेल, तर मी घाम कशाला गाळू?” हा प्रश्न वावगा नाही, मोठ्या माणसांनीही तो विचारला आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील संशोधकांनी ७८ तरुणांचे पाच गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा तासभर सायकल चालवावयाची, दुसऱ्याने दोनदा, असे करीत पाचव्या गटाने पाच वेळा. सहा आठवडे झाल्यावर एकदाच सायकल चालविणाऱ्या गटात शंभरातील ६९ जणांच्या ताकदीत वाढ दिसली नाही. दोनदा चालविणाऱ्यांत असे ४० टक्के होते, तिघांदा चालविणाऱ्यांत २९ टक्के. चार आणि पाच वेळा चालविणाऱ्यांत मात्र असा एकही निघाला नाही. मग ज्यांच्यात वाढ दिसली नव्हती, त्यांना आणखी सहा आठवडे, आठवड्याला दोन तास जास्तीचा व्यायाम दिला. आणि त्या प्रत्येकाची ताकद वाढली! हे निष्कर्ष २०१७ सालचे आहेत. एखादे बी दोन पावसांत उगवते, एखाद्याला चार पाऊस लागतात, तसेच हे झाले. चौथ्या पावसाआधीच आपण शेत नांगरून टाकले, तर दोष कोणाला द्यावयाचा?

आणखी एक बाब ‘हेरिटेज’ प्रयोगात दिसून आली होती. दम, रक्तदाब, नाडी, रक्तातील स्निग्ध पदार्थ अशी किती तरी मापे त्यांनी घेतली होती. प्रत्येक मापात काहींना लाभ अधिक झाला, काहींना कमी. परंतु एका मापात मागे राहिलेली माणसे दुसऱ्या मापातही मागेच राहिली, असे घडले नाही. ज्याचा दम वाढला नाही, त्याचा रक्तदाब सुधारलेला असे. शरीर उत्तर देते. पण आपण ज्या पानावर ते शोधतो, त्याच पानावर ते लिहीलच, असा नेम नाही.

हल्ली काही व्यापारी मंडळी मुलाची थुंकी तपासून ‘हा धावपटू होईल’, ‘हा मल्ल होईल’ असे सांगू लागली आहेत, आणि हौशी आईबाप त्यासाठी पैसे मोजतात. २०१५ साली या विषयातील जाणकार शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट सांगितले की, मुलांमधील खेळाचे गुण हेरण्यासाठी अशा तपासण्यांचा आज काही उपयोग नाही. दोन-चार जनुकांवरून भविष्य सांगणे म्हणजे ग्रंथातील दोन-चार अक्षरे वाचून कथेचा शेवट सांगणे. माझ्या मते तर त्यापेक्षा मुलाला आठ दिवस मैदानावर सोडावे व त्याला काय आवडते ते पाहावे. त्याला पैसेही पडत नाहीत.

आता माझ्या त्या वहीकडे येतो. निवृत्तीनंतर घरातील जुनी कपाटे आवरताना ती सापडली. तोपर्यंत बुशार यांच्या प्रयोगाविषयी माझ्या वाचनात आले होते, म्हणून मी ती उघडून बसलो. हजेरीच्या रकान्यात वाडीवरच्या मुलाचे चार खाडे होते. ओढ्याला पाणी आले की त्याला येता येत नसे. पेठेतल्या मुलाच्या नावापुढे आठ आठवड्यांत एकही खाडा नव्हता. नंतर नाडीचा रकाना पाहिला. वाडीवरच्या मुलाचे ठोके ८२ वरून ७२ वर आले होते. पेठेतल्या मुलाचे ८६ होते, ते ७४ झाले होते. म्हणजे ज्या आठ आठवड्यांत त्याच्या अंगी काही लागले नाही असे मी म्हणत होतो, त्याच आठवड्यांत त्याचे हृदय अधिक ताकदवान झाले असावे. मी फक्त घड्याळाचा रकाना पाहिला होता. हे आनुवंशिकतेमुळेच घडले, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या वयात मुलांची वाढही मागेपुढे होत असते आणि दोन मुलांवरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण तो कामचुकार नव्हता, एवढे त्या वहीत माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेले आहे.

तो मुलगा आता पन्नाशीला आला आहे. पेठेतच त्याचे दुकान आहे. वही मी पिशवीत घालून ठेवली आहे. दिवाळीनंतर गावी जावयाचे आहे, तेव्हा ती त्याला दाखवीन.